बरं आणि बरोबर

तीन चुली एका घरात आणायच्या आणि भांडणही होऊ द्यायचं नाही, हे काम कुणी हौसेनं मागून घेत नाही. लिजीनं मागून घेतलं.

केरळात कोरट्टीला जुन्या सूतगिरणीच्या आवारात, फणसांच्या मागे जे बैठे बंगले आहेत, त्यांतल्या एकात तिची कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. प्रोजेक्ट तीन. काउंटर रुग्णाची नोंद करून त्याला खाट द्यायचं. वॉर्ड वरच्या मजल्यावर नर्सला दाखवायचं की कुठल्या खाटेवर कोण आहे आणि कुणाला काय चालत नाही. तिसरं औषधांचं. तिन्ही जावास्क्रिप्ट या संगणकी भाषेत लिहिलेली, पण आजवर तिघांचं कोड वेगवेगळ्या कोठारांत राहिलं होतं आणि तिघांचे नियमही आपापले होते. उन्हाळ्यात वरून हुकूम आला की आता एकच कोठार, एकच रेपो. तिन्ही बिऱ्हाडं एका छपराखाली. मग नियमही एकच हवेत, आणि ते पाळले जातात की नाही हे बघायला लिंटर हवा.

लिंटर म्हणजे कोड ओळ न् ओळ वाचून चुका काढणारा प्रोग्राम. इथे न वापरलेलं नाव पडून राहिलंय, तिथे अर्धविराम विसरलात, ही ओळ फार लांबली. तो थकत नाही, जेवायला उठत नाही आणि कुणाची भीड धरत नाही. "माझ्या सासूलासुद्धा दुपारची डुलकी लागते, याला तीही नाही," असं औषधांवरची रसीना म्हणायची. पण कशाला चूक म्हणायचं आणि कशाला नाही, हे त्याला कुणीतरी माणसानंच सांगावं लागतं. ते माणूस म्हणजे लिजी.

लिजी काउंटरवरची. मुलगा शाळेत जायला लागेपर्यंत घरी राहिली आणि मग परत नोकरीला आली. घरी राहून आलेल्या बाईशी ऑफिसात सगळे जरा जपूनच बोलतात, दुखण्यातून उठलेल्या माणसाशी बोलावं तसं. ते जपणं लिजीला अगदी सहन होत नसे. म्हणून तिचं कोड असं असायचं की बोट ठेवायला जागा सापडू नये. काउंटरवर लिंटर फिरवला तर एकही तक्रार निघत नसे, आणि ही गोष्ट ती रोज कुणाच्या ना कुणाच्या कानावर घालायचीच.

पहिल्याच बैठकीत अर्धविरामावरून जुंपली.

"ओळीच्या शेवटी अर्धविराम हवाच," लिजी म्हणाली.

"का पण, चेची? त्याच्यावाचून अडतं कुठे?" रसीना म्हणाली. चेची म्हणजे ताई. "आमच्या औषधांत एक नाही सापडायचा. आजवर कुणी मेलं नाही."

"दवाखान्याच्या कामात असं बोलू नये गं."

"बरं, आजवर कुणी शिंकलंसुद्धा नाही. झालं?"

मॅनेजर सुधीश हसला आणि घड्याळाकडे बघून त्यानं अर्धविरामाच्या बाजूनं कौल दिला. रसीनानं तोंड वाकडं केलं आणि पुढच्या प्रत्येक नियमाला हरकत घेऊन तो राग काढला. ओळ किती लांब असावी, अवतरणचिन्ह एकेरी की दुहेरी, एका अक्षराची नावं चालतील का. शेवटच्या प्रश्नावर ती म्हणाली, "अर्ध्या केरळला आडनावाच्या जागी एकच अक्षर असतं, त्यांनाही काढून टाकायचं का आता?" सगळे खदखदून हसले. लिजी हसली नाही, कारण नियम करणाऱ्यानं हसलं की नियम पातळ होतो असं तिचं मत होतं.

खिडकीशी अवराचन चेट्टन, म्हणजे अवराचनदादा, बसले होते. पन्नाशीचे, खिशाला दोन पेनं, डबा कायम वर्तमानपत्रात गुंडाळलेला. वॉर्डचं प्रोजेक्ट त्यांचं. कंपनी चालकुडीला एका बेकरीच्या माडीवर होती तेव्हापासून त्यांनी ते जवळपास एकहाती लिहीत आणलं होतं. प्रत्येक नियमाला ते एकच शब्द बोलत होते, "शरि." मल्याळी माणसाचा हा मोठा सोयीचा शब्द. गणित जुळलं तरी शरि, आणि पोरगं सिनेमाला जातो म्हणालं तरी शरि. आपल्याला त्यासाठी बरोबर आणि बरं असे दोन शब्द ठेवावे लागतात. त्यांचं एकावर भागतं, आणि कुठला कुठे ते ज्याचं त्यानं आवाजावरून ओळखायचं.

फक्त बरोबर-चिन्हांच्या नियमाशी चेट्टन थांबले.

जावास्क्रिप्टमध्ये दोन गोष्टी सारख्या आहेत का हे विचारायच्या दोन तऱ्हा आहेत. दोन बरोबर-चिन्हं टाकली तर ती चालवून घेते. मोजायचा आकडा १४ आणि नुसता मजकूर म्हणून लिहिलेला "१४" हे तिला एकच वाटतात. तीन चिन्हं टाकली की ती काटेकोर होते. आकडा तो आकडा आणि मजकूर तो मजकूर, दिसायला का सारखे असेनात. लिजीचा नियम असा की सगळीकडे तीनच, अपवाद नाही.

"वॉर्डमध्ये एक जागा सोड," चेट्टन म्हणाले. "ते 'शरि' नावाचं फंक्शन आहे ना, तेवढंच."

"का, चेट्टा?"

"आहे तसं चालतंय ते."

"चालतंय हे काही कारण नाही झालं."

चेट्टन काहीतरी सांगायला पुढे सरकले. तेवढ्यात सुधीश म्हणाला, "एकाला सूट दिली की बाकीचे रांगेत उभे राहतात, चेट्टा. तुम्हाला काय सांगायचं! अपवाद नकोच." चेट्टन परत खुर्चीला टेकले आणि म्हणाले, "शरि."

लिजीनं ते 'बरोबर' असं घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्या घराचे नियम एका फाइलीत घातले आणि लिंटर फिरवला. औषधांतून तक्रारींचा पूर आला, काउंटर स्वच्छ, आणि नवल म्हणजे वॉर्डही स्वच्छ. लिजीला शंका आली. बघते तर वॉर्डच्या फोल्डरमध्ये एक जुनी नियमांची फाइल बसली होती आणि तिच्यात लिहिलं होतं की या घराचा कर्ता मीच, वर बघायचं कारण नाही. लिंटर बिचारा जवळच्याचं ऐकतो. त्यानं ते ऐकलं आणि वरचे नियम वाचलेच नाहीत. लिजीनं ती फाइल काढून टाकली आणि पुन्हा फिरवला. मग वॉर्डमधून जे काही बाहेर पडायला लागलं, ते स्क्रीनवर सरकत बराच वेळ थांबेना.

सुधीशनं त्याचा तक्ता करून घेतला. तीन खांब, त्यात वॉर्डचा सगळ्यांत उंच. तो तक्त्याकडे बघत म्हणाला, "हे असं आहे होय! मोठ्या हॉस्पिटलचं काम येतंय. वॉर्ड नव्यानं उभं करायचंय आणि त्याला प्रमुख नेमायचाय. हे बघून वरचे लोक काय म्हणतील?" काय म्हणतील ते त्यानं सांगितलं नाही. प्रमुख चेट्टन होणार नाहीत हे लिजीला कळलं, आणि खरं सांगायचं तर तिला आधी आनंदच झाला. वाईट त्यानंतर वाटलं.

त्याच आठवड्यात मुत्तीचं, म्हणजे तिथल्या चर्चमधल्या मातेचं, पेरुन्नाळ आलं. चर्चचा उत्सव म्हटला की कोरट्टीत अर्धी ऑफिसं ओस पडतात, आणि अवराचन चेट्टनांचं घर तर चर्चच्या मागच्याच गल्लीत. त्यांनी रजा टाकली. लिजीला वाटलं, ते येईपर्यंत सगळं झाडूनपुसून ठेवू, म्हणजे तक्त्यातला खांब खाली येईल आणि त्यांनाही बरं वाटेल. असं तिनं मनाला सांगितलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

लिंटरला आपोआप दुरुस्त्याही करता येतात. एक हुकूम दिला की अर्धविराम, जागा, अवतरणचिन्हं सगळी मुकाट्यानं रांगेत येतात. लिजीनं तिन्ही प्रोजेक्टवर तो हुकूम चालवला. दोन चिन्हांची तीन करणं मात्र तो बहुतेक ठिकाणी माणसावर सोडतो. ती तिनं स्वतः शोधून शोधून केली. शरि फंक्शनशी आली तेव्हा तिचा हात जरा थांबला. एवढंसं फंक्शन, दोन गोष्टी घ्यायच्या आणि सारख्या आहेत का ते सांगायचं. तिनं तिसरं चिन्ह टाकलं, चाचण्या चालवल्या, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास आल्या. मग सगळा बदल तिनं एका दणक्यात, आपल्या नावानं नोंदवून टाकला. आता लिंटर कुठेच बोलत नव्हता. घर लखलखत होतं, आणि लिजी त्या दिवशी बसमध्ये सीट मिळाली नाही तरी हसत उभी होती.

चेट्टन पूवन केळ्यांचा घड घेऊन आले. पेरुन्नाळचा प्रसाद म्हणून टेबलाटेबलाला वाटला, उरलेला घड लिजीच्या टेबलावर ठेवला आणि जागेवर जाऊन वॉर्डची एक फाइल उघडली. त्यांच्या स्क्रीनवर प्रत्येक ओळीच्या डाव्या बाजूला ती ओळ कुणी लिहिली आणि केव्हा लिहिली, ते बारीक अक्षरांत दिसायचं. चेट्टन ती फाइल खाली सरकवत राहिले. मग दुसरी उघडली. तीही तशीच सरकवली.

"चेट्टा, बघितलंत का?" लिजीनं उत्साहानं विचारलं. "झालं की नाही नीटनेटकं?"

"शरि," चेट्टन म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

दुपारी सुधीशनं लिजीला आत बोलावलं. समोर नवा तक्ता होता. कुठल्या प्रोजेक्टमध्ये कुणाच्या नावावर किती कोड आहे, त्याचा. "वरच्यांना असलं काहीतरी दाखवावं लागतं," तो म्हणाला. "वॉर्डमध्ये बघ, जवळजवळ सगळं तुझ्या नावावर आहे. आता कुणी हरकत घेणार नाही. वॉर्डची प्रमुख तू. सोमवारच्या बैठकीत सांगून टाकू."

"पण सर, वॉर्ड तर चेट्टनांचं..."

"अवराचन चेट्टन दवाखान्यांत जाऊन मशिनं बसवायचं काम बघतील. त्यांनाही जरा फिरायला मिळेल. सगळ्यांचं भलं."

लिजी बाहेर आली ती हुरळूनच. आईला फोन करावासा वाटला. घरी बसलेली म्हणून जिच्याशी लोक जपून बोलत होते, ती प्रमुख होणार होती. ते 'सगळं तुझ्या नावावर' हे शब्द मात्र तिला खटकत होते. ती पाणी प्यायली आणि तिनं त्यांचा विचार करायचं पुढे ढकललं.

पुढे ढकलणं फार दिवस चाललं नाही. नवं कोड आधी जवळच्या एका छोट्या मिशन हॉस्पिटलात चाचणीसाठी जायचं. तिथून सकाळी सकाळी फोन आला. तो रसीनानं स्पीकरवर टाकला आणि सगळ्यांनी ऐकला. वॉर्डच्या मुख्य नर्स, मर्सी सिस्टर, बोलत होत्या.

"अहो, चौदा नंबरचे म्हातारे अप्पापन इथे माझ्यासमोर चहा पितायत, आणि तुमची स्क्रीन म्हणते खाट रिकामी! खालून त्याच खाटेवर दुसरा माणूस पाठवलाय. तो स्ट्रेचरवर, आणि हे अप्पापन म्हणतायत मी हलणार नाही. आता मी काय करू? एकाला मांडीवर घेऊ?"

"सिस्टर, किती खाटांना असं दिसतंय?" सुधीशनं विचारलं.

"अर्ध्या वॉर्डात माणसं आहेत आणि तुमच्या लेखी नाहीत! कुणाला कसली ॲलर्जी आहे ते लाल अक्षरांत यायचं, तेही गेलं. मी फळ्यावर खडूनं लिहून ठेवलंय. तुम्ही लवकर काय ते करा, बाबांनो."

ऑफिसच्या तोंडचं पाणी पळालं. लिजी, रसीना, सुधीश, सगळे वॉर्डच्या कोडवर वाकले. खाट आणि रुग्ण यांची जुळणी कुठे होते ते शोधता शोधता शरि फंक्शनशी आले. इथे आधी दोनच चिन्हं होती, तिसरं मी टाकलं, असं लिजी म्हणाली. ती दोनच का होती, केव्हा, काय अडचण आली म्हणून, हे बघायला रसीनानं डावीकडची नावं बघितली. लिजी. वरच्या ओळीवर लिजी. खालच्या ओळीवर लिजी. सगळी फाइल एकाच दिवशी, एकाच माणसानं लिहिल्यासारखी. मागचं काही दिसेचना, कारण त्या सगळ्यावर लिजीच्या झाडलोटीची एक नोंद पांघरूण घालून बसली होती.

"चेट्टा," सुधीशनं खिडकीकडे हाक मारली, "हे असं का होतं हो आधी?"

चेट्टनांनी मान वर केली नाही. "मला काय विचारता? तिथं नाव लिजीचं आहे."

'सगळं तुझ्या नावावर' म्हणजे काय, ते आता लिजीला कळलं. मग चेट्टन स्वतःच उठले, रसीनाच्या खुर्चीमागे उभे राहिले, हात पुढे करून तीनमधलं एक चिन्ह पुसलं आणि म्हणाले, "पाठव." थोड्या वेळानं मर्सी सिस्टरांचा फोन आला की अप्पापन स्क्रीनवर परत आले आहेत आणि दुसरा चहा मागतायत. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

लिजी चेट्टनांना शोधत कँटीनला गेली. ते फणसाखालच्या बाकावर चहा घेत होते. पळंपोरी, केळ्याची भजी, बशीत तशीच होती.

"चेट्टा, चुकलं माझं. पण मला कळू दे तरी. तिथे दोनच चिन्हं का लागतात?"

"लागत नाहीत," चेट्टन म्हणाले. "तीनच हवीत. तुझा नियम बरोबर आहे."

"मग?"

"मग तुझ्या काउंटरला विचार." त्यांनी बशी तिच्याकडे सरकवली. "तुमचा कारकून यादीतून खाट निवडतो तेव्हा तुमचं काउंटर मला आकडा पाठवतं. तोच हातानं टाइप करतो तेव्हा मजकूर पाठवतं. आमच्याकडे वॉर्डात खाटा मजकूर म्हणूनच आहेत, कारण चौदा अ अशाही खाटा असतात. आता आकड्यातल्या चौदाची आणि मजकुरातल्या चौदाची गाठ घालणार कोण? मीच ना! दोन चिन्हं टाकून."

"पण काउंटरवर तर एकही तक्रार नाही..."

"लिंटरला काय कळतंय, तू काय पाठवतेस ते! तो बघतो अर्धविराम. तुमचं घर स्वच्छ आहे, पोरी, कारण तुमचा केर माझ्या अंगणात येतो."

लिजीच्या हातातली भजी हातातच राहिली. एकही तक्रार नाही, हे ती रोज सांगत होती. याच माणसालाही सांगितलं होतं, कितीदा तरी.

"तुम्ही कधी बोलला नाहीत कसे?"

"बोललो की. तुझ्या आधी काउंटरला जो होता त्याला बोललो. त्याच्या आधीच्याला बोललो. 'आकडा तरी पाठवा नाहीतर मजकूर तरी, काहीतरी एक पाठवा.' दोघंही म्हणाले, शरि चेट्टा, शरि. केलं कुणीच नाही." चेट्टन पहिल्यांदा हसले. "तेव्हा म्हटलं, मग त्या फंक्शनचं नाव तेच ठेवू."

लिजीलाही हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग डोळ्यांत पाणी आलं.

"बैठकीत तरी सांगायचं होतं."

"सांगणार होतो. तेवढ्यात अपवाद नको झालं." त्यांनी पेला हातात फिरवला. "आणि खरं सांगू का? मलाही लाज वाटत होती. दोन दिवसांसाठी म्हणून लावलेलं ठिगळ. इतकी वर्षं राहिलं. चालवून घ्यायची सवय लागली की माणूस आपलंही चालवून घेतो."

"आणि नावांचं..." लिजी म्हणाली. "मला खरंच ठाऊक नव्हतं, चेट्टा. मी फक्त झाडलं."

"माहितीये मला. तू मुद्दाम नाही केलंस." चेट्टनांनी पेला बाकावर ठेवला. "माझी पोरगी लहान होती, तेव्हा विचारायची, अप्पा तू काय बनवतोस? आता हे काय दाखवायचं तिला? सुतार खुर्ची दाखवतो, गवंडी भिंत दाखवतो. तर तिला एकदा इथे घेऊन आलो, फाइल उघडली, म्हटलं हे बघ, प्रत्येक ओळीला अप्पाचं नाव आहे. ती वाचत बसली होती, अवराचन, अवराचन, अवराचन. तेवढंच काय ते आमचं. बाकी कोण विचारतंय!" ते उठले. "जाऊ दे. चहा गार झाला."

लिजी तिथेच बसून राहिली. तिला आधी स्वतःची चीड आली आणि मग सुधीशची, कारण दुसऱ्याची चीड जरा सोपी असते. शेवटी दोन्ही बाजूला ठेवून ती आत गेली.

काउंटरचं काम तिनं स्वतः केलं. खाटेचा नंबर यादीतून येवो नाहीतर टाइप होऊन येवो, बाहेर पडताना मजकूरच. मग नियमांच्या फाइलीत तिनं एक नवा नियम घातला. कुणाला कुठला नियम मोडायचा असेल तर मोडावा, पण शेजारी कारण लिहावं. कारण न लिहिता मोडला तर लिंटर ओरडेल. रसीनानं तो वाचला आणि म्हणाली, "म्हणजे आता माझे अर्धविराम...?"

"कारण लिही."

"मला आवडत नाहीत."

"हे कारण नाही झालं, रसीना."

"आलं, परत तेच आलं!" रसीना म्हणाली, पण या वेळी लिजी तिच्याबरोबर हसली.

राहिली एक गोष्ट. झाडलोटीच्या नोंदीचा नंबर एका खास फाइलीत लिहून ठेवला, की नावं दाखवताना ती नोंद ओलांडून मागे बघितलं जातं आणि ओळ ज्यानं मुळात लिहिली त्याचं नाव दिसतं. एका ओळीचं काम. लिजीनं ती ओळ लिहिली आणि हात तसाच ठेवून बसली. ही ओळ गेली की सुधीशच्या तक्त्यातला तिचा खांब खाली येणार होता. वॉर्ड जाणार होतं. आईला अजून फोन केला नव्हता, हे बरंच झालं. परत सगळे जपून बोलायला लागतील, तिला वाटलं. मग वाटलं, बोलू देत. उंच खांब बघून लोक जे बोलतील ते तरी कुठे माझ्याबद्दल असणार आहे? तिनं ती ओळ पाठवून दिली आणि घरी गेली. मुलानं विचारलं, अम्मा आज रडलीस का, तर कांदा चिरत होते म्हणाली. घरात त्या दिवशी कांदा नव्हता.

सोमवारी भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर परदेशातले वरचे लोक येऊन बसले. सुधीशनं तक्ता उघडला. वॉर्डमध्ये लिजीचा खांब जेमतेम बोटभर उरला होता. शेजारी अवराचन चेट्टनांचा खांब तक्त्याच्या वरच्या कडेला टेकला होता.

"हे काय?" त्यानं हळूच लिजीला विचारलं. "परवा इथे तू होतीस."

"सर, घर झाडलं म्हणून घर माझं होत नाही," लिजी म्हणाली. तिचा आवाज मोठा निघाला. स्क्रीनवरच्यांनीही ऐकला. "आणि परवाची चूकही वॉर्डची नव्हती. आमच्या काउंटरची होती. ती मी दुरुस्त केलीय."

"तुला कळतंय ना तू काय सोडतेयस?"

"कळतंय." आणि खरंच कळत होतं. दुखतही होतं.

प्रमुखाचं पुढच्या बैठकीत बघू असं ठरलं. तोवर वॉर्ड ज्याचं आहे त्याच्याकडेच राहील, असं स्क्रीनवरून एक बाई म्हणाल्या. सुधीशनं मान डोलावली. त्याला मशिनं बसवायला आता दुसरा कुणीतरी शोधावा लागणार होता.

बैठक सुटल्यावर चेट्टन जागेवर बसले आणि त्यांनी फाइल उघडली. लिजी आपल्या टेबलावरून चोरून बघत होती. ते खाली सरकवत गेले, सावकाश, मधूनमधून थांबत. ओठ हलत होते. त्यांच्या नावांच्या मध्ये आणखी एकदोन नावंही उगवली होती. नोकरी सोडून गेलेल्या एका पोराचं नाव दिसलं तेव्हा ते "अरे, हा!" असं मोठ्यानं म्हणाले. मग शरि फंक्शनशी येऊन थांबले.

"लिजी, काउंटर आता मजकूरच पाठवतं ना? नक्की?"

"नक्की, चेट्टा."

"काउंटरवाले नक्की म्हणाले की मला धडकीच भरते." तरीही त्यांनी यादीतून खाट निवडून बघितली, टाइप करून बघितली, चौदा अ टाकून बघितली. मग दोन चिन्हांच्या शेजारी त्यांनी आपल्या हातानं तिसरं चिन्ह टाकलं. लिंटर काही बोलला नाही.

रसीना मागून वाकून बघत होती. "चेट्टा, आता त्या फंक्शनचं नावही बदला की. नीट इंग्रजी काहीतरी ठेवा."

"राहू दे," अवराचन चेट्टन म्हणाले. "आता शोभतं ते त्याला."

लिजीच्या टेबलावरच्या घडात एकच केळं उरलं होतं, साल पार काळी पडलेलं. तिनं ते सोललं आणि अर्धं मोडून त्यांना दिलं.